झुंबरबाईंचा आग्रह

कान्हे गावातल्या लग्नकार्यात झुंबरबाई वाढायला उभ्या राहिल्या, की माणसं पानावर आडवे हात धरायची. उपयोग शून्य. बाई बोटांच्या फटीतून जिलबी सारायच्या. पाहुणा नको म्हणतो तो लाजून, अशी त्यांची पक्की समजूत. ती मोडायची हिंमत साठ वर्षांत कुणी केली नव्हती.

त्यांचा धाकटा भाऊ भिमाजी बायको गेल्यावर मळ्यातल्या घरात एकटाच राहिला. अख्खा महिना त्यानं कोऱ्या चहावर काढला. बाईंना कळलं तेव्हा हाडं आणि कातडी तेवढी उरली होती. त्यांनी त्याला कामशेतला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून दाखल करून घेतलं आणि बजावलं, की इतक्या उपाशी शरीरावर एकदम अन्नाचा मारा झाला तर रक्तातले क्षार झपाट्यानं उतरतात, हृदयही दगा देतं. तेव्हा आठवडाभर आम्ही मोजून देऊ तेवढंच.

बाईंनी मान डोलावली. मनात म्हणाल्या, पोरगी शिकलेली आहे, पण हिला भूक कुठली ठाऊक! दुसऱ्या दिवशी नर्स जेवायला गेलेली बघून त्यांनी पिशवीतून डबा काढला. इंद्रायणी तांदळाचा मऊ भात, त्यावर तूप, दूध, गूळ. भिमाजीनं निमूट सगळा संपवला. संध्याकाळीही तेच. बाईंना कोण समाधान वाटलं.

सकाळी त्याचे पाय सुजले होते. धाप लागली, छाती धडधडू लागली, बहिणीला तो बायकोच्या नावानं हाका मारू लागला. डॉक्टरीणबाई धावत आल्या. बाहेरचं काही दिलंय का, असं त्यांनी विचारलं.

सगळा वॉर्ड ऐकत होता. बाई गप्प राहिल्या असत्या तर पिशवी कुणी उघडून बघितली नसती.

"व्हय. म्याच घातलं," त्या म्हणाल्या. "दोनी येळंला, पोट भरून."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. आजाराचं मूळ सापडलं होतं. त्यांनी लगेच सलाइनमधून क्षार सुरू केले. चार दिवसांनी भिमाजीला उतार पडला. बाई त्याला चमच्यानं पेज पाजत होत्या, आखून दिलेली अर्धी वाटी. पाजता पाजता त्यांनी विचारलं, की त्या दिवशी एवढं खाल्लंस तरी कसं.

"जात न्हवतं गं आक्का," तो म्हणाला. "पन तू म्होरं बसली व्हतीस."

बाईंचा हात तसाच राहिला. आपल्या मायेची त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.