कमीत कमी भरायची रक्कम

मी आळंदच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी हकीकत ऐकली की लोक पहिल्यांदा हेच म्हणतात, सर, तुम्ही तर गणिताचे!

क्रेडिट कार्ड शाळेतच चालून आलं. बँकेचा एक माणूस मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसला आणि चहा पिता पिता त्यानं आम्हा चौघांचे फॉर्म भरून घेतले. ओळखीच्या एका माणसाचा फोन नंबर द्यायचा होता. मी अक्काचा दिला. मला दुसरा कुणाचा पाठच नव्हता.

अक्का माझी थोरली बहीण. मादन हिप्परग्याला राहायची, ब्लाऊज-परकर शिवायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. माझ्या बी.एड.ची फी तिच्या शिलाई मशीनवर निघालेली.

वर्षभर कार्ड कपाटात पडून होतं. मग अक्काच्या छातीत गाठ निघाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं. घरातलं होतं नव्हतं ते गोळा केलं, तरी साठ हजार कमी पडत होते. दवाखान्यासमोरच्या एटीएममध्ये मी कार्ड घातलं. तीन दिवसांत मिळून साठ हजार रोख काढले. किती सोपं वाटलं! कुणापुढं हात पसरावा लागला नाही.

शुद्धीवर आल्यावर अक्कानं विचारलं, "लई खर्च आला व्हय रे?"

"न्हाई अक्का. शाळेनं उचल दिली."

खरेदीला महिना-दीड महिना व्याज लागत नाही, एवढं त्या माणसानं सांगितलं होतं. रोख काढली तर त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं, हे सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. दर महिन्याला बिल यायचं, इंग्रजीत. त्यात दोन आकडे असायचे. एक मोठा, सगळ्या बाकीचा. दुसरा लहान, तीन हजारांच्या आसपासचा, कमीत कमी भरायची रक्कम. हा लहान आकडा म्हणजे आपला हप्ता, असं मी धरून चाललो. तारीख कधी चुकवली नाही. भरल्यावर मोबाइलवर धन्यवादाचा मेसेज यायचा आणि आपण नेटानं फेडायलोय असं वाटायचं.

बावीस महिने असे गेले. एकदा बायको म्हणाली, "अहो, ते पैसे फिटत आले असतील की आता?" मी सहज म्हणून बिल उघडलं, पहिल्यांदाच मोठा आकडा नीट पाहिला. सत्तेचाळीस हजार. मी मागची सगळी बिलं काढून वहीत मांडली. साठ हजारांच्या वर भरले होते, आणि मुद्दल फिटलं होतं तेरा हजार. बाकी सगळं व्याजात आणि व्याजावरच्या करात गेलं होतं. चूक कुठं सापडेल म्हणून मी दोनदा बेरीज केली. बेरीज बरोबर होती.

त्याच सुमारास संस्थेनं तीन महिने पगार थकवला. हप्ता चुकला, दंड लागला, बँकेचे फोन सुरू झाले. सुरुवातीला मी घ्यायचो, नंतर घ्यायचं सोडलं. मी फोन घेत नाही म्हटल्यावर त्यांनी फॉर्मवरचा दुसरा नंबर लावला.

अक्का दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आली. चहाला हात लावला नाही.

"मला कामून सांगितलं न्हाईस?" ती म्हणाली. "फोनवरच्या माणसानं तारीख बी सांगितली. मी दवाखान्यात हुते त्याच दिवसाची."

"शाळेनं दिले ते कमी पडले, म्हणून—"

"खोटं बोलायलास. अजून खोटं बोलायलास."

 बायकोनं आत जाऊन पाटल्या आणल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. त्याच आठवड्यात त्या मोडल्या, बाकी भरली, कार्ड बंद करून तसं पत्र घेतलं. सुटलो, असं मला खरंच वाटलं.

अक्काला सहा महिन्यांनी एकदा सोलापूरला तपासणीला जावं लागायचं. तोवर मी सोबत जात होतो. कार्डाच्या त्या प्रकारानंतर ती म्हणाली, "तू रजा टाकू नकोस. शेजारीण येते माझ्यासंगट, तिचं बी माहेर तिकडंच हाय." मला बरंच वाटलं. रजा टाकली की पगार कापायचे. तपासणीच्या दिवशी ती सांजच्याला फोन करायची. "झालं रे. डॉक्टर म्हणाले, सगळं झकास हाय." अशा तीन तपासण्या झाल्या. फाइल दाखव, असं मी एकदाही म्हणालो नाही.

मग तिची पाठ दुखायला लागली. मशीनवर वाकून दुखत असेल म्हणून तिनं तेल चोळलं, मीही तेच म्हणालो. उठता येईना झालं तेव्हा सोलापूरला नेली. डॉक्टरांनी जुने कागद चाळले आणि विचारलं, "दीड वर्ष कुठं होतात तुम्ही?" दुखणं हाडांत उतरलं होतं. अक्का खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं वळून पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत ती एवढंच म्हणाली, "पुन्हा कुठनं तरी पैसे काढले असतेस तू."  काढले असतेच.

चार महिन्यांत ती गेली.

दहाव्याला शेजारीण भेटली. मी तिला विचारलं, तुम्ही तिच्यासोबत सोलापूरला जात होता ना? ती गोंधळली. "न्हाई सर. मी कधीच गेले न्हाई. ती एकटीच जायची, सकाळच्या गाडीनं. त्यातल्याच एका दिवशी आमच्या ह्यास्नी आळंदच्या स्टँडवर दिसली हुती, दुपारी, बाकड्यावर बसलेली. ह्यांनी इचारलं तर म्हणाली, भावाकडं आलते, आता गाडीची वाट बघायलेय."

स्टँडपासून माझं घर चालत दहा मिनिटांवर आहे. तपासणीच्या त्या तिन्ही दिवशी मी दुपारी घरी जेवायला आलो होतो.