गेटापाशी सात मिनिटं

डेपोतल्या नव्या माणसांना बरेच दिवस वाटायचं की काटे हे त्यांचं आडनाव आहे. तसं काही नव्हतं. हॉस्टेलच्या कुठल्या तरी जुन्या बॅचने त्यांना काटेमामा म्हणायला सुरुवात केली, कारण त्यांची गाडी घड्याळाच्या काट्यावर चालायची. ते नाव इतकं चिकटलं की ऑफिसात खरं आडनाव पुकारलं तर ते स्वतःच इकडेतिकडे बघत, कोणाला बोलावतायत म्हणून.

सव्वीस वर्षं एकच रूट. सकाळी सातला निघायचं, एकला कॉलेजच्या गावात पोचायचं, डबा खायचा, अडीचला परत. माणूस उंचीला बेताचा, त्यामुळे सीटवर ठेवायला बायकोने शिवून दिलेली एक निळी उशी होती. सकाळी लॉकरमधून उशी काढायची, चारही बाजूंनी गाडीला चक्कर मारून टायरला लाथ घालायची आणि मगच वर चढायचं. या क्रमात कधी बदल झाला नाही.

अशा काटेकोर माणसाने एकच बेकायदा गोष्ट आयुष्यभर केली. कॉलेजच्या परीक्षा संपायच्या दिवशी, सुट्टी लागली की, ते कॉलेजच्या गेटापाशी गाडी उभी करत. तिथे थांबा नव्हता. पण पोरं पेपर टाकून हॉस्टेलवर पळणार, बॅगा उचलणार आणि धापा टाकत येणार, त्याला सात मिनिटं लागतात हा त्यांचा हिशोब होता. ती सात मिनिटं पुढे चहाच्या थांब्यावर वसूल व्हायची. वीसऐवजी तेरा मिनिटांत चहा प्या, असं कंडक्टर ओरडून सांगायचा आणि तोंड भाजत का होईना, सगळे प्यायचे. गाडी कधी उशिरा पोचली नाही.

पुढे त्यांची स्वतःची लेक त्याच कॉलेजात गेली. एकुलती एक. तिला सोडून आल्यावर त्यांनी घरी सांगितलं, "काळजी कशाला? सुट्टी लागली की बापाचीच गाडी गेटात उभी." बायको म्हणाली, "तेवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं." पहिलीच सुट्टी पाच महिन्यांनी होती, बारा दिवसांची. बायकोने कॅलेंडरवर शुक्रवारला गोल केला होता.

आता डेपोतल्या एका नियमाबद्दल सांगायला हवं.

डेपोत संपाचं मत हात वर करून घेत नसत. हात वर करणारा आधी शेजाऱ्याचा हात बघतो, म्हणून जुन्या लोकांनी वेगळी रीत पाडली होती. भिंतीवर खिळ्यांचे दोन फळे. आपल्या लॉकरची किल्ली घेऊन चालत जायचं. संप हवा तर डावीकडे टांगायची, नको तर उजवीकडे. तेवढ्या दहा पावलांत माणूस विचार करतो, असं म्हणायचे. संप ठरला की किल्ल्या तो मिटेपर्यंत तिथेच राहायच्या.

अकरा वर्षांपूर्वी अशाच एका सभेत तारखेवरून गाडं अडलं. एकाच्या मेव्हण्याचं लग्न, दुसऱ्याच्या घराचा स्लॅब, तिसऱ्याच्या सासऱ्याचं ऑपरेशन. चार तास झाले तरी तारीख ठरेना. शेवटी काटेमामा उठले. "असं प्रत्येकाच्या घरचं बघत बसलो तर संप पुढच्या जन्मी होईल. ज्याचं घरचं काम अडलंय त्याने तारखेवर तोंड उघडायचं नाही." टाळ्या पडल्या. तेव्हापासून तो नियमच झाला. नियम करताना टाळ्या मिळतात, ही नियमांची मोठी वाईट खोड आहे. पुढे तो कुणाच्या नरड्याशी येणार हे तेव्हा कोण बघतो?

यंदाच्या संपाची मागणी अगदी रास्त होती. डेपोतल्या एका उंच ड्रायव्हरला, लंबूला, सोळा तासांच्या ड्युटीनंतर चार तासांत पुन्हा गाडीवर बसवलं. पहाटे डोळा लागला आणि गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली. माणसं वाचली, लंबूच्या दोन बरगड्या मोडल्या, आणि वरून ऑफिसने त्यालाच नोटीस दिली. दोन ड्युट्यांमध्ये आठ तास झोप मिळू द्या, एवढंच मागणं होतं.

सभा मंगळवारी होती. सोमवारी संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, संप होणार म्हणतायत. खरं का?"

"उद्या ठरेल."

"होऊ दे हो, पण शनिवारपासून करा ना. शुक्रवारी अडीचला आमचा शेवटचा पेपर सुटतो. पोरी जीपचं बुकिंग करायला निघाल्यात. थांबा म्हणून सांगू त्यांना?"

काटेमामा जरा घुटमळले. "बघतो," म्हणाले.

तिने ते होकारासारखं ऐकलं, आणि तिने तसंच ऐकलंय हे त्यांनाही कळलं होतं. तरी फोन ठेवताना त्यांनी ते दुरुस्त केलं नाही. सभेत उद्या कुणी तरी तारखेचं काढेलच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

मंगळवारी सेक्रेटरीने जिल्हा युनियनने सुचवलेला गुरुवार वाचून दाखवला. मग विचारलं, "तारखेबद्दल कुणाला काही बोलायचंय?" सेक्रेटरी पाणी प्यायला, मग त्याने पुन्हा विचारलं, "कुणालाच नाही?" काटेमामांच्या घशाशी शब्द आला होता. शनिवार. एवढाच. पण लगेच दुसरं आठवलं: मेव्हण्याच्या लग्नाला गप्प बसवणारा माणूस आता स्वतःच्या पोरीसाठी तारीख हलवतोय, असं म्हणतील. सव्वीस वर्षांची अब्रू जाईल. ते मूग गिळून बसले. मग उठून दहा पावलं चालले आणि किल्ली डावीकडे टांगली. त्यांच्या मागोमाग सगळ्यांनी टांगली.

त्या संध्याकाळीच फोन केला असता तरी पोरींना जीप मिळाली असती. पण कोणत्या तोंडाने करायचा, यात मंगळवार गेला. बुधवारी दुपारी केला तेव्हा सगळ्या जीप भरून गेल्या होत्या. लेक ओरडली नाही. "मी तिघींना थांबवलंय हो बाबा," एवढंच म्हणाली. "म्हटलं, माझ्या बाबांचा शब्द आहे."

शुक्रवारी काटेमामा डेपोच्या दारात ताडपत्रीखाली बसले होते. दोन वाजले. अडीच वाजले. दोन सदतीसला त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं.

गावाचे उभे दोन तट पडले. सलूनमध्ये अर्धी दाढी झालेला माणूस खुर्चीतून उठून भांडायचा. "ड्रायव्हर झोपला आणि गाडी दरीत गेली, मग कोणाच्या नावाने रडाल?" असं एकाने म्हणावं, आणि दुसऱ्याने टॉवेल आपटावा, "अहो, पण आमच्या पोरांनी तुमचं काय घोडं मारलंय? सुट्टीच बरी सापडली!" शेवटी न्हाव्याने आरशावर चिठ्ठी लावली: वस्तरा चालू असताना संपावर बोलू नये. दूधवाला म्हणायचा दोघांचंही बरोबर आहे, म्हणून दोन्हीकडून शिव्या खायचा.

तिसऱ्या दिवशी वह्या-पेनांच्या दुकानातल्या बाई ताडपत्रीपाशी आल्या. त्यांच्या मुलाला काटेमामांनी तीन वर्षं गेटावरून आणलं होतं.

"काटेमामा, तुम्हीसुद्धा? माझं पोर तिकडे बिस्किटं खाऊन राहिलंय. मेस बंद केलीय."

काटेमामांच्या शेजारी बसलेला एक जण म्हणाला, "बाई, त्यांची स्वतःची लेक तिथेच अडकलीय. तरी माणूस हटला नाही."

बाई परत वळल्या. जाताना म्हणाल्या, "तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत." ही गोष्ट गावभर झाली. दोन दिवसांनी पेपरात फोटो आला, खाली लिहिलं होतं, 'आधी तत्त्व, मग लेक'. संपाच्या विरोधातली माणसंही थांबून नमस्कार करू लागली.

आणि खरं सांगायचं तर काटेमामांना ते आवडलं. एक पूर्ण दिवस त्यांची मान ताठ होती. पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती याच दिवसाची.

पेपर घेऊन घरी गेले तेव्हा बायको फोन ठेवत होती. तिने फोटो बघितला आणि विचारलं, "तुमची लेक काल सिमेंटच्या ट्रकमधून निघाली होती, माहितीय?"

त्यांना माहीत नव्हतं.

"चौघी मिळून. ट्रकवाला पुलापाशी वळणार होता, तिथे उतरवलं. तीन तास उन्हात उभ्या राहिल्या, कुणी थांबेना. मग नऊ किलोमीटर चालत परत. वाटेत बाकीच्या तिघी तिच्याशी बोलल्या नाहीत." तिने त्यांच्या हातातला पेपर घेतला. "तुम्हाला सांगू नको म्हणाली. बाबांना त्रास होईल म्हणे."

तो पेपर तिने फडताळात अंथरला, फोटो खाली करून.

संप नऊ दिवसांनी मिटला. मागणी मान्य झाली, लंबूची नोटीस मागे घेतली. सुट्टीचे तीन दिवस उरले होते. लेक म्हणाली, "दोन दिवस जाण्या-येण्यातच जातील, राहू दे." आवाजात राग नव्हता. राग असता तर काटेमामांना काहीतरी बोलता तरी आलं असतं.

किल्ल्या परत घ्यायच्या दिवशी डेपोत चहा झाला. लंबू बरगड्यांना पट्टा बांधून आला होता. काटेमामांच्या शेजारी बसून म्हणाला, "तुमच्यामुळे जमलं बघा. पण एक बोलू का? राग नका मानू. आम्ही सगळे तुमच्या तोंडाकडे बघत होतो त्या दिवशी."

"कशासाठी?"

"तारखेसाठी हो. माझा पुतण्या त्याच हॉस्टेलात आहे. तुमच्या कंडक्टरची भाची आहे. सेक्रेटरीचा मुलगा आहे. दोनदा उगाच का विचारलं त्याने? पण नियमाने आम्हाला बोलता येईना. म्हटलं, नियम ज्याचा त्याने मोडला तर चालेल. तुम्ही एकदा शनिवार म्हणाला असता, तर टाळ्या पडल्या असत्या."

काटेमामांनी चहाचा कप खाली ठेवला. "मग तुम्ही कुणीच का नाही बोललात?"

"तुम्ही तुमच्या लेकीसाठी नाही बोललात," लंबू म्हणाला, "मग मी पुतण्यासाठी कोणत्या तोंडाने बोलू?"

म्हणजे त्या खोलीत गुरुवार कुणालाच नको होता. शनिवारी सुरू झाला असता तर संप असाच जिंकला असता, आणि झोपही तेवढीच मिळाली असती. काटेमामा फळ्यापाशी गेले, किल्ली काढली, लॉकर उघडला. निळी उशी जशीच्या तशी होती, फक्त तिला बंद कपाटाचा कुबट वास लागला होता.

पुढच्या सभेत त्यांनी तो नियम रद्द करायला लावला. सगळे लगेच हो म्हणाले. या वेळी टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

पुढची सुट्टी सहा महिन्यांनी आली. काटेमामांनी आठ दिवस आधीच फोन केला. "बाळा, या वेळी काही संप-बिंप नाही. अडीचला निघतो, गेटापाशी थांबतो."

"बरं, बाबा," लेक म्हणाली. पुढे काहीतरी म्हणणार होती, पण तेवढ्यात तिला कुणी हाक मारली.

परीक्षेच्या शेवटच्या दिवशी त्यांनी गेटापाशी गाडी लावली आणि आपल्यामागची पहिली सीट अडवायला तिच्यावर निळी उशी ठेवली. स्वतः तसेच बसले, मान उंच करून. पोरं आली, पण नेहमीपेक्षा कमी. पूर्वी पन्नास यायची, आज पंधरा-सोळा होती. वह्या-पेनांच्या दुकानातल्या बाईंचा मुलगाही दिसला नाही. सात मिनिटं झाली. कंडक्टरने बेलच्या दोरीला हात घातला आणि काढून घेतला. दहा झाली. मागून कुणी म्हणालं, "मामा, निघू या ना." वीस मिनिटांनी कंडक्टर पुढे आला आणि हळूच म्हणाला, "मामा, ती येणार नाही. हॉस्टेलवर विचारून आलोय. निघालीय म्हणे केव्हाच."

चहाला सात मिनिटं कापता येतात, वीस कापली तर चहाच उरत नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा गाडी उशिरा पोचली.

घरी आले तर दारात लेकीच्या चपला होत्या. आतून तिच्या आणि आईच्या हसण्याचा आवाज येत होता. काटेमामा उंबऱ्यापाशीच उभे राहिले. लेक पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. बारीक झाली होती. केस कापले होते.

"कधी आलीस?"

"चारच्या सुमारास. सकाळचाच पेपर होता माझा. आम्ही महिन्याभरापूर्वीच जीप ठरवली होती, चौघींनी."

"मी गेटापाशी थांबलो होतो."

"अगं बाई! तुम्ही थांबलात? फोनवर सांगायचं राहिलंच, मग परत करायचं मनातच आलं नाही." तिला खरंच वाईट वाटलं होतं, ते तोंडावर दिसत होतं. "तुमची गाडी नको असं नाही हो, बाबा. पण त्या तिघींना मी पुन्हा शब्द कसा देणार?"

काटेमामा पाणी प्यायले. सहा महिने मनात घोळवून ठेवलेलं त्यांना सांगायचं होतं, की सभेत मी बोलायला हवं होतं, चुकलो. पण तोवर आईने आतून हाक मारली आणि लेक रिकामा पेला घेऊन आत गेली.

ते उशी काखेत धरून तसेच उभे होते. लॉकरमध्ये ठेवायची राहून ती आज त्यांच्याबरोबर घरी आली होती.