भिंगावरचं कुंकू

लोक म्हणतात, सोड आता, किती वर्षं झाली. काऊन सोडू?

नव्वदच्या दशकात मी हिंगणीहून एसटीनं वर्ध्याच्या कॉलेजात यायची, एमएस्सी फिजिक्सला. माझा प्रोजेक्ट होता पाण्यात कालवलेल्या दुधाचे अगदी बारीक कण सूक्ष्मदर्शकातून पाहायचे, आणि एकेका कणाची थरथर मोजायची. साध्या उजेडात ते दिसतच नाहीत. म्हणून खालून उजेड फेकणाऱ्या भिंगाखाली मी काळ्या कागदाची चकती बसवली. मधला उजेड अडला, कडेनं तिरपा तेवढा आत आला, आणि काळ्याकुट्ट काळोखात कण चमचमत नाचायला लागले. अगं माय! त्या दिवशी मी डबा खायचीसुद्धा विसरले.

फर्स्ट क्लास आला तर पुढे शीक, नाहीतर लग्न, असं बाबांनी ठणकावून सांगितलं होतं. माझी सगळी भिस्त या प्रोजेक्टवर होती.

खंडेनवमीला प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा झाली. विभागप्रमुख सरांनी थेट त्या भिंगाच्या काचेवर हळदकुंकवाचं बोट टेकवलं! मी ओरडले, "सर, काचेले नका लावू!" तर त्यांनी पंच्याच्या टोकानं ते कोरडंच खसाखसा पुसलं. कुंकवातली कचकच काचेवर फिरली. मग माझी चकती काढून स्वतः डोळा लावला आणि म्हणाले, "दिसून राह्यलं ना सगळं? काऊन बोंबलते?"

दिसणारच! भर उजेडात ओरखडे कुठे कळतात? चकती बसवली की मात्र एकेक ओरखडा उजेड उधळायचा, काळोख दुधाळ व्हायचा आणि कण गडप. नवं भिंग मागून मागून माझ्या तोंडाला फेस आला. माझी अर्धी मोजमापं राहिली ती राहिलीच.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, भिंग काढून उजेडाकडे धरलं. "हे कुणी खराब केलं?"

सर शेजारीच बसले होते. गुण त्यांच्याही हातात होते. म्हणाले, "हिनंच पुसलं. पोरगी हुशार आहे, पण धांदरट. घ्या सांभाळून."

परीक्षक माझ्याकडे वळले. "खरं का?"

"हो सर," मी म्हणाले.

सरांनी भरभरून गुण दिले. फर्स्ट क्लास आला. बाबांनी गावभर पेढे वाटले, पहिला माझ्या तोंडात कोंबला. मी मोरीत जाऊन थुंकून आले.