भोवऱ्याच्या मॅडम

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं चहा प्यायला, की किस्से आपोआप साठतात. माझ्याकडं सगळ्यात जास्त साठलेत ते आमच्या फिजिक्सच्या शैला मॅडमचे. त्या लग्नाआधी बंगालच्या उपसागरात संशोधनाच्या जहाजावर होत्या. समुद्रातल्या भोवऱ्यांचा अभ्यास करायच्या. लग्न होऊन आल्या औरंगाबादला, जिथं समुद्र म्हणजे कॅलेंडरवरचं चित्र!

*

प्राचार्यांना कुणीतरी सांगितलं, मॅडमचं भोवऱ्यावर संशोधन आहे. स्नेहसंमेलनात त्यांनी मॅडमचा जाहीर सत्कार केला आणि शाल-नारळासोबत जाळीसकट लाकडी भोवरा दिला. मॅडमनी स्टेजवरच जाळी गुंडाळून तो फिरवून दाखवला. त्या वर्षी सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या.

*

आमचे शिपाई गफ्फारभाई एकदा म्हणाले, "मॅडम, पानी का भंवर और तूफान, दोनों का क्या रिश्ता?"

मॅडमनी आंघोळीच्या बादलीचं उदाहरण दिलं. वर कढत, खाली गार. वादळ म्हणजे बादलीत फिरणारा हात. गार पाणी वर आलं की वादळाचा जोर ओसरतो. पण काही भोवऱ्यांत कढत पाणी खोलवर असतं, कितीही ढवळा, गार वर येतच नाही. तिथं वादळ माजतं. आणि वादळही भोवऱ्याला बदलून जातं, ढवळून थंड करतं. मागून दुसरं वादळ आलं, तर त्याला तिथं बळ मिळत नाही.

गफ्फारभाईंनी घरी बायकोला हे समजावलं. ती म्हणाली, आधी बादली भरून तर द्या.

*

आता शेवटचा. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. साळवे सर मोर्चात पुढं असायचे, शिंदे सर कट्टर विरोधात. दोघांचं बोलणं बंद, चहाही वेगवेगळ्या वेळी.

शिंदे सरांचा मुलगा वाळूजच्या कारखान्यात लागला होता. कंपनीनं त्याला पूर्व किनाऱ्यावर मशीन बसवायला पाठवलेलं. रेडिओवर वादळाची बातमी आली. मॅडमची एक मैत्रीण त्याच भागातून जहाजानं नुकतीच परतली होती, तिथं कढत भोवरा आहे असं तिनं कळवलं होतं. मॅडम म्हणाल्या, "सर, नक्की कुणीच सांगू शकत नाही. पण वादळ त्यावरून गेलं तर जोर धरेल. मुलाला किनाऱ्यावर ठेवू नका."

शहर बंद, फोन लागेना. साळवे सरांचा मेहुणा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता. कोपऱ्यात ऐकत बसलेले साळवे सर उठले, स्कूटर काढली आणि शिंदे सरांना मागं बसायला सांगितलं. चौकात मोर्चातल्या पोरांनी अडवलं. शिंदे सरांना सगळे ओळखत होते.

"सर, ह्यांना कुठं घेऊन चाललात?"

"पोरगं समुद्राकाठी हाय त्यांचं," साळवे सर म्हणाले. "वाट द्या."

पोरं बाजूला झाली. एक्स्चेंजमधून फोन लागला. मुलगा सामान तिथंच टाकून आतल्या गावाला गेला. वादळात त्याच्या मुक्कामाच्या खोलीवर छप्पर राहिलं नाही.

परत आल्यावर तो पेढे घेऊन साळवे सरांकडं गेला. शिंदे सर सोबत आले, पण गल्लीतच थांबले. आत जाऊ की नको, कळेना. साळवे सरांची आई दारात आली.

"भाईर काहून उभं राहिलात? चहा गार व्हायलाय."

शिंदे सरांनी चपला काढल्या.