माझ्या टीव्हीत दिसलेला सुदामचा कॉम्प्युटर

सुदाम आज सकाळी गेला. खोटं मात्र शेवटपर्यंत तसंच ठेवून गेला.

मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. सूनबाई पण म्हणाली, "नाना, नुसता फोटो टाका."
नाही. लिहिणार.

पारनेरला सुदामचं आणि माझं घर भिंतीला भिंत लावून.
नव्वद सालानंतरची गोष्ट. त्याच्या मेव्हण्याने मुंबईहून एक जुना कॉम्प्युटर आणून दिला. त्याला स्वतःचा स्क्रीन नव्हता, नुसता कीबोर्डचा डबा. त्याची वायर टीव्हीच्या मागे अँटेनाच्या जागी खोचायची, रिकामा चॅनेल लावायचा, की अक्षरं दिसायची.

म्हणजे दिसायला पाहिजेत.

आम्हाला आधी नुसत्या मुंग्याच. मग चित्र वर पळायला लागलं. मी त्याच्या टीव्हीच्या मागे बसून बटणं पिळायचो आणि सुदाम पुढून ओरडायचा,
"आलं, आलं... गेलं! किसन्या, श्वास पन घेऊ नको!"

गच्चीवरच्या अँटेनाची वायर आम्ही काढलीच नाही. कॉम्प्युटरची वायर तिलाच पिळून जोडली. अँटेनाशिवाय टीव्हीत काही येतं का, हा आमचा हिशेब.
मला सारखी धास्ती. ट्यूब फुटेल, घर पेटेल.

एका रविवारी चित्र थांबलं. स्वच्छ.

सुदामने मिठीच मारली. "किसन, नगरला क्लास काढू. बोर्डावर दोघांची नावं!"

मी सातवी शिकलेला. कॉम्प्युटर क्लासच्या बोर्डावर माझं नाव!
घरी बायकोला, मंगलला सांगितलं तर ती हसत सुटली. "तुमी शिकवनार काय? बटनं पिळायला?"

थोड्याच दिवसांत सुदाम म्हणाला, डिस्प्ले गेला.
"तू मागचं बटन लई पिळलंस. तवाच गेला."

मला जेवण जाईना. एसटीने सुप्याच्या टीव्ही मेकॅनिककडे जाऊन आलो. तो म्हणाला, घेऊन या, बघतो.
सुदाम म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आता तू हात लावू नको." आणि दार लोटून घेतलं.

मग एका संध्याकाळी मंगल बातम्यांसाठी चॅनेल फिरवत होती.
"अवो, हे काय आलं आपल्या टीव्हीत?"

मुंग्यांमधून पांढरी इंग्रजी अक्षरं.
गच्चीवर आमच्या दोन अँटेना हातभर अंतरावर. त्याच्या अँटेनाला आम्हीच कॉम्प्युटर जोडलेला. त्याचं चित्र आमच्याकडे सांडत होतं.

इंग्रजी मला अक्षर लावून वाचता येतं. वर 'कॉम्प्युटर क्लास'. खाली 'सुदाम अँड किसन'.

मी ओरडलो, "मंगल, डिस्प्ले आला की गं!"
त्याला सांगायला पळणार, म्हणून चपलेत पाय घातला.

तेवढ्यात माझं नाव मागून पुसलं जायला लागलं.
एक एक अक्षर.
मग 'अँड' पण गेलं.

मला वाटलं, काहीतरी चुकलं असेल, नीट करून लिहितोय. एका पायात चप्पल घालून वाट बघत उभा राहिलो.

परत आलं नाही.

सकाळी अंगणात विचारलं, "सुदाम, आला का डिस्प्ले?"
"कुटला येतोय! काळाठिक्कर हाय. तुजी करनी." वर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे. मनाला लावून घेऊ नको."

मला समजावत होता.

क्लास उघडल्यावर पेढे घेऊन आला. "तुला बोलवायचंच ऱ्हायलं गड्या. ह्यो कॉम्प्युटर येगळा हाय, मेव्हन्यानं दुसरा दिलाय."
बोर्डावर एकच नाव.
मी पेढा खाल्ला. मंगलने घेतला नाही.

मी बोललो नाही. भिंत एक, रोज तोंड बघायचं. माझा जीवच भित्रा.

गेल्या महिन्यात त्याला दवाखान्यात बघायला गेलो. माझा हात धरून नातवाला सांगत होता,
"ह्यो किसननाना. ह्यानं आमचा डिस्प्ले घालवला हुता!"
सगळे हसले. मी पण हसलो.
घरी येताना ठरवलं, पुढच्या खेपेला सांगायचंच. पुढची खेप आज झाली.

सुदाम, डिस्प्ले गेला नव्हता. मी बघितलंय. माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीत.
माझं नाव पुसताना तू मधे एकदा थांबला पण नाहीस.

खाली सगळे 'भावपूर्ण' लिहितील. माझा तेवढ्या शब्दापाशी हात अडतो.
श्रद्धांजली घे.

तुझा शेजारी,
किसन