तारीखमास्तर आणि शेवटचं पान

तारीखमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, ऑफिसनं ठेवलेलं. सव्वीस वर्षं पेटंटचे खटले लढले गृहस्थ, आणि सगळी कमाई तारखांवर. समोरचा म्हणाला, "हा शोध आमचा," की मास्तर जुनी मासिकं, माहितीपत्रकं उपसत बसायचे. तोच शोध अर्जाच्या आधी कुठे छापून लोकांपुढे आलेला सापडला, की पेटंट गेलंच!

अशा माणसाच्या पोटात दुखायला लागलं ते इंजिनीअरबाई आल्यावर. आधी कारखान्यात नोकरी, मग वकिली, वय जेमतेम बत्तीस. यंत्राचं चित्र काढून असं समजावून सांगायची, की न्यायाधीश खुर्चीत पुढे सरकून ऐकायचे. मास्तरांसाठी सरकले होते कधी? नाव नको! त्यात ऑफिसच्या भागीदारांनी पंपवाल्या काकांचा खटला तिला दिला. काका म्हणजे मास्तरांचं सगळ्यात जुनं अशील! मास्तरांचा नुसता तिळपापड झाला.

"अहो, तिला तुम्हीच तयार केलंत ना?" बायको म्हणाली.

"तेच तर!" मास्तर खेकसले.

काकांच्या पंपातली झडप आमच्या पेटंटमधली आहे, असा एका बड्या कंपनीचा दावा होता. हरले तर काकांचा कारखाना बंद. बाईनं तशाच झडपेचं चित्र असलेलं जुनं माहितीपत्रक शोधून काढलं. वर छापलेलं साल कंपनीच्या अर्जाच्या आदल्या वर्षाचं.

"सर, एकदा नजर टाकाल?"

मास्तरांनी पानं उलटली. शेवटच्या पानामागे ग्रंथालयात आल्याचा फिकट शिक्का होता. अर्जानंतर दोन महिन्यांचा! छापलं, पण लोकांपर्यंत उशिरा पोचलं, तर कोर्टात त्याला काडीची किंमत नाही. आधी पोचलेली दुसरी प्रत शोधायला अजून आठ दिवस हातात होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

"छान आहे," मास्तर म्हणाले आणि पत्रक परत दिलं. पडू दे एकदा तोंडावर, फार भाव खातेय!

कोर्टात समोरच्या वकिलानं नेमकं तेच पान वर धरलं.

"हे कुणी तपासलं नव्हतं?" न्यायाधीशांनी विचारलं.

मागे बसलेले मास्तर हातातली फाईल चाळू लागले.

"चूक माझी आहे," बाई म्हणाली. पुरावा बाद झाला. खटला गेला, आणि पंप विकायला त्याच दिवसापासून मनाई आली.

व्हरांड्यात काकांनी मास्तरांचे दोन्ही हात धरले. "तुम्ही असतात तर हे झालंच नसतं. अपील तुम्हीच चालवा. त्या पोरीला माझ्या फायलीला हात लावू देऊ नका."

इतके महिने मास्तरांना हेच तर ऐकायचं होतं. "चालवतो," ते म्हणाले.

चार पावलांवर बाई बॅगेत कागद भरत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. डोळे पुसून ती जवळ आली.

"सर, माफ करा. तुमचं नाव खराब केलं मी."

मास्तरांनी तिच्या खांद्यावर थोपटलं.

"असू दे," ते म्हणाले. "होतं असं."