केसरीनाथ भाऊजींचा वाटा

केसरीनाथ भाऊजी म्हणजे माझा धाकटा दीर. ठाण्याजवळ कशेळीत आमची घरं भिंतीला भिंत लावून हायत, तेव्हा सांगते ते माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं. मागच्या वर्षी माझी जाऊ गोदू गेली आणि ह्या माणसाच्या तोंडाला कुलूप लागलं. जमिनीवर गोडाऊन उभी, भाडं घरबसल्या येतंय, घर तीन मजली, आणि आत एकटा माणूस आवाज बंद करून टीव्ही बघतोय! मुलगा भावेश ठाण्याला एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. तो म्हणाला, "काकी, दसरा झाला की बाबांना घेऊन जातो. इथं झुरून जातील." भाऊजी हो पण म्हणाले न्हाय आणि नको पण म्हणाले न्हाय. रडू फुटलं ते मला. जन्म खाडीकाठी काढलेला माणूस तिकडं खिडकीतून काय बघणार, कावळे?

एक दिवस माझं डोकं फिरलं. आमच्या मालकांचा जुना गळ माळ्यावर पडून होता. तो काढला, भाऊजींच्या हातात कोंबला आणि म्हटलं, "उठा! मला खाडीतली मासळी खायची हाय, बोईटं. आणि बाजारातली नको."

पुलाच्या अलीकडं खाडीला दगडी बांध हाय. तिथं सकाळी दोघं गळ टाकून बसलेले असतात. एक मिथुन, गोडाऊनची शिफ्ट संपली की सरळ तिथंच येतो. दुसरे अन्सारीचाचा, चाळीस वर्षं कापडाचे लूम चालवून आता घरी बसलेले. भाऊजी त्यांच्याकडं पाठ करून लांब बसले. गळाला शेपूट पण लागलं न्हाय. उठायच्या वेळी चाचांनी मासळीचे तीन वाटे केले आणि एक भाऊजींपुढं सरकवला.

झोंबल्या नाकाला मिरच्या! "आम्ही ह्या गावचे जमीनवाले. कुणाची भीक घेत न्हाय!" असं सुनावून भाऊजी हात हलवत घरी आले. मला सांगतानाही फणफणत होते. मी मनात म्हटलं, चला, वर्षभरानं माणूस कुणाशी भांडला तरी!

दुसऱ्या सकाळी मिथुन दारात हजर. "काका, भीक न्हाय ती. बांधावरची रीत हाय. मासा कुणालाही लागू दे, ज्यानं गळ टाकला त्याला वाटा. फक्त वाटा घेतला की दुसऱ्या दिवशी यावं लागतं." भाऊजींनी कोपऱ्यातला गळ उचलला. मग हळूच म्हणाले, "आमिष कसलं लावता रे?" आणि गेले की त्याच्यासोबत!

मग काय विचारता! रोज पिशवी घेऊन येणार आणि भिंतीपलीकडून मला ओरडून बातम्या देणार. गळाकडं बोट दाखवून चाचा म्हणायचे, "सेठ, मुँह तो खूब चलता है, काँटा कब चलेगा?" माझ्या शिव्या खात खात भाऊजी कालवण करायलाही शिकले. चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तर डोळ्यात थेंब घालायला रोज हेच जायचे.

असा दसरा उलटला आणि भावेश गाडी घेऊन आला. पोराचं मन मोडायला नको, म्हणून भाऊजींनी मुकाट बॅगा भरल्या. सकाळी बांधावर जाऊन आले, ते रिकाम्या हातानं.

"वाटा कुठं?" मी विचारलं.

"न्हाय घेतला, वहिनी. घेतला असता तर उद्या यावं लागलं असतं."

भाऊजी गाडीत बसले, पट्टा लावला, तेवढ्यात मिथुनची बाईक आडवी आली. मागं चाचा, हातात पिशवी. काचेवर टकटक करून म्हणाले, "सेठ, अपना हिस्सा भूल गए." आत सहा बोईटं होती, अजून ओली.

भाऊजींनी काच खाली करून पिशवीत बघितलं. मग पट्टा सोडला, खाली उतरले आणि पिशवी दोन्ही हातांनी घेतली. "भावेश, बॅगा काढ रे बाबा. मला उद्या जायचं हाय." आणि अस्से हसले! भावेशनं वर्षभरात बापाला हसताना बघितलं नव्हतं. बिचाऱ्यानं बॅगा उचलून आत नेऊन ठेवल्या. मी भर रस्त्यात पदर डोळ्याला लावला, लाज कसली त्यात!

दुपारी भाऊजींनी स्वतः कालवण केलं. मीठ जास्त झालं होतं, पण मिथुन आणि चाचांना धरून आम्ही पाच माणसांनी टोप चाटून पुसून साफ केला. भावेश बोटं चाटत म्हणाला, "बाबा, मला पण एक वाटा ठेवत जा."

"आधी गळ टाक," भाऊजी म्हणाले. "रविवारी सहाला बांधावर ये."